सुपारी कुणाला द्यायची?

मराठीत कलावंताला कार्यक्रमासाठी ठरवलं की त्याला सुपारी दिली असं म्हणतात. पुढे गुन्हेगारीच्या बातम्यांनी हा शब्द पळवला, पण गावजत्रेच्या कमिटीत तो अजून जुन्याच अर्थाने चालतो. जत्रा जवळ आली की देवळात बैठक बसते, वर्गणीचा आकडा ठरतो आणि मग खरा प्रश्न येतो: यंदा सुपारी कुणाला द्यायची?

या प्रश्नावर होणारा वाद ऐकण्यासारखा असतो. एक जण म्हणतो, शेजारच्या गावात अमक्याचा फड आला होता, गण-गवळण झकास झाली पण वग पार पडला. दुसरा म्हणतो, त्यांचा सोंगाड्या आता थकला, बतावणीत पूर्वीचा दम नाही. तिसऱ्याच्या डोक्यात फक्त ढोलकी असते. चौथ्याचं म्हणणं, तमाशा राहू द्या, ऑर्केस्ट्रा आणू, पोरांना तेच हवंय. पाचवा ज्येष्ठ असतो, तो भारुडाचं नाव काढतो आणि सगळे आदराने गप्प बसून विषय बदलतात. या मंडळींपैकी कुणालाही समीक्षक म्हटलं तर तो हसेल. पण ते जे करत असतात ती समीक्षाच आहे. कार्यक्रमाचे भाग पाडून प्रत्येकाचं वजन केलं जातं, मागच्या वर्षाशी तुलना होते आणि शेवटी एका नावावर गावाचे पैसे लावले जातात.

संगीताबद्दल लिहिताना आपण गायकापासून सुरुवात करतो, फार तर मैफलीपासून. त्याआधीची पायरी सहसा सुटते. कुणीतरी कुणाला तरी ‘हे ऐक’ म्हणालेलं असतं. त्या वाक्याशिवाय मैफल भरत नाही, तबकडी विकली जात नाही, फड गावात येत नाही. या लेखाचा विषय ते वाक्य आहे: ते कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, आणि म्हणताना त्याचं काय पणाला लागतं.

उदाहरणासाठी मेढा घेऊ. वेण्णेच्या काठावरचं हे जावळी तालुक्याचं ठिकाण. तहसील कचेरी, एसटीचा डेपो, बाजारपेठ, भोवती डोंगर. गाण्याच्या इतिहासात मेढ्याचं नाव शोधून सापडणार नाही. पण आसपास बघा. डोंगरापलीकडे वाईला यमुनाबाई वाईकर राहत होत्या. वाईला लागूनच पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. कराडजवळच्या करवडीचं नाव मंगला बनसोड्यांच्या फडाने राज्यभर नेलं. खटाव तालुक्यात औंधला १९४० पासून संगीत महोत्सव भरतो. खाली सांगलीकडे उतरलं की रेठरे हरणाक्ष पठ्ठे बापूरावांचं, कवलापूर काळू-बाळूंचं, नागठाणे बालगंधर्वांचं. आणि मिरजेत दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. एवढं सगळं एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे. यातलं मेढ्याच्या कानापर्यंत काय पोचलं आणि कुणाच्या सांगण्यावरून पोचलं, हा प्रश्न विचारला की अंतराचा हिशेब चुकतो. मुंबईचं गाणं मेढ्यात आधी आलं, वाईचं नंतर आलं, आणि काही आलंच नाही.

तमाशाचा रस्ता आधी पाहू, कारण तो सगळ्यात उघडा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तिथे येतात, चार राहुट्यांत डोकावतात, चहा होतो, मागच्या वर्षीचे उल्लेख निघतात, घासाघीस होते आणि सुपारी दिली जाते. ज्या तिथीला जास्त गावांच्या जत्रा, त्या तिथीला फडाचा भाव चढा. जावळीतल्या एखाद्या गावाने सुपारी राहुटीत दिली काय, ओळखीने दिली काय किंवा फोनवर दिली काय, व्यवहाराचं तत्त्व तेच. कारभारी स्वतःसाठी खरेदी करत नसतो. शेकडो माणसांच्या वतीने तो एक आवड निवडतो.

आणि ही निवड त्याला निस्तरावी लागते. रात्रीचा तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. त्याच फडाने दिवसाउजेडी गावासमोर पुन्हा उभं राहायचं, गावाने बक्षिसं द्यायची, मग कुस्त्यांचा फड. कारभारीही तिथेच असतो. रात्रीचा वग रंगला असेल तर त्याच्या फेट्याला एक पीळ जास्त. पडला असेल तर वर्षभर, अगदी सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत, त्याला ऐकवलं जातं. ‘तूच आणलास ना तो फड?’ या प्रश्नातून त्याची सुटका नाही. फडांच्या नावात गाव का असतं हेही इथे कळतं. नारायणगावकर, करवडीकर, कवलापूरकर, वाईकर ही नावं दोन्ही बाजूंची पत सांगतात. वाजवणाऱ्याने आपलं गाव नावात बांधलेलं असतं, बोलावणाऱ्याने आपलं नाव गावात.

चांगल्या शिफारशीच्या तीन अटी या व्यवहारातून हाती येतात. सांगणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असावं. ज्याला सांगतो आहे त्या माणसाची, त्या गावाची त्याला ओळख असावी. आणि ‘का’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असावं, मग ते ‘ढोलकी ऐकून बघ’ इतकंच का असेना.

चौथी अट समजण्यासाठी तमाशाच्या बाहेर जावं लागतं. मिरजेत जन्मलेल्या एका गायकाची ही गोष्ट आहे, आणि ती ज्याच्यामुळे प्रसिद्ध झाली तो गायक वेगळा आहे. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकून वेडा झाला आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली करत तो पंजाबात जालंधरला पोचला. तिथल्या हरवल्लभ संगीत संमेलनात त्याची गाठ विनायकराव पटवर्धनांशी पडली. विनायकरावांनी त्याला सांगितलं की इतक्या लांब कशाला भटकतोस, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. मुलगा परत फिरला. पुढे त्याला जग पंडित भीमसेन जोशी म्हणून ओळखू लागलं.

ही गोष्ट सांगताना आपण भीमसेनांच्या जिद्दीबद्दल बोलतो. क्षणभर विनायकरावांकडे पाहा. ते स्वतः नामवंत गायक आणि गुरू होते. १९३२ साली त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. त्यांना विद्यार्थी हवेच असणार. गाणं शिकायला देश पालथा घालणारा मुलगा समोर उभा असताना ‘पुण्याला ये’ म्हणणं सगळ्यात सोपं होतं. शिवाय विनायकराव ग्वाल्हेर परंपरेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य. सवाई गंधर्व किराण्याचे, खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे विनायकरावांनी त्या मुलाचा कान ओळखला. ज्या आवाजाने त्याला घराबाहेर काढलं त्याच आवाजाच्या वारसाकडे त्याला पाठवलं, आणि तो वारस दुसऱ्या घराण्यातला आहे याची फिकीर केली नाही. चौथी अट ही: शिफारस करणाऱ्याने स्वतःच्या कुंपणाबाहेर बोट दाखवायची तयारी ठेवावी. पहिल्या तीन अटी पाळणारे पुष्कळ भेटतात. चौथी पाळणारे कमी, कारण तिच्यात सांगणाऱ्याचं नुकसान असतं.

मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांना हीच अट लावून बघता येते. केशवराव भोळे, गोविंदराव टेंबे, मिरजेचेच बी. आर. देवधर यांचं लेखन आजही वाचवतं, याचं कारण ते ‘हे ऐका’ म्हणताना कारण देतात. सगळ्यात स्पष्ट उदाहरण वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’चं. १९६१ साली आलेल्या या पुस्तकात त्यांनी स्वर आणि लय अशा दोन टोकांच्या मध्ये घराणी मांडून दाखवली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीकडे, आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर मधोमध. वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे जयपूर गायकी शिकले होते. तेव्हा मधली जागा आपल्याच घराण्याला दिली, असं म्हणायला वाव आहे आणि तसं म्हटलंही गेलं. पण गंमत अशी की हा आक्षेप घेता येतो तोच मुळी त्यांनी मोजपट्टी उघड ठेवली म्हणून. निष्कर्ष न पटणाऱ्यालाही ती पट्टी घेऊन आग्र्याची एखादी बंदिश ऐकता येते आणि काहीतरी नवं ऐकू येतं. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या वामनरावांनी हिशेब असा मांडला की कुणालाही तो तपासता यावा.

आता पुन्हा जावळीत येऊ. इथली गाण्याची आवड घडवणारा समीक्षक लेखक नव्हता. त्याला गावात ‘मुंबईकर’ म्हणत.

जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या घराघरातून माणसं मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर ओझी वाहायला. १९६९ साली माथाडी कायदा झाला तो ज्या कष्टकऱ्यांसाठी, त्यांतला मोठा वाटा या डोंगरी भागाचा होता. गणपतीला आणि जत्रेला ही माणसं गावी येत. जत्रेच्या वर्गणीत त्यांचा शब्द जड असे, आणि पिशवीत गाणी असत. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली तशी ही गाणी वाढली. मोठ्या कंपनीच्या तबकड्यांची मक्तेदारी कॅसेटने कशी मोडली आणि प्रादेशिक गाण्याला केवढी जागा करून दिली, हे पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ सालच्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात सविस्तर मांडलं आहे. त्याचा मराठी अध्याय लिहायचा तर त्यात काळूबाईची गाणी, शिंदेशाही, कोळीगीतं, वगांच्या कॅसेट असं सगळं येईल. आणि त्या अध्यायाचा नायक तो मुंबईकर असेल, जो टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून म्हणायचा, ‘ही बाजू ऐक आधी.’

या मुंबईकराने पहिल्या तीन अटी पाळल्या. त्याची पत पणाला असे, त्याला आपलं गाव माहीत असे, आणि काय चांगलं ते तो बोटावर मोजून सांगे. चौथीचं काय झालं?

प्रल्हाद शिंद्यांचं उदाहरण घ्या. १९३३ चा जन्म, मूळ मंगळवेढ्याकडचे, कव्वालीत तयार झालेला गळा. विठ्ठलाच्या आणि गणपतीच्या त्यांच्या गाण्यांशिवाय महाराष्ट्रातल्या गावाची आषाढी किंवा भाद्रपद पुरा होत नाही. देवळाच्या कळसाजवळच्या कर्ण्यातून हा आवाज पहाटे सुरू होतो. याच गळ्याने बाबासाहेबांची गाणी गायली, तितक्याच ताकदीने, आणि ती चौदा एप्रिलला वस्तीत वाजतात. विठ्ठलाची गाणी वस्तीतही वाजतात. उलट प्रवास मात्र झाला नाही. ज्या माणसाने मुंबईहून पंढरीची कॅसेट आणली, त्याने त्याच गायकाची भीमगीतांची कॅसेट त्याच दुकानात, त्याच फळीवर पाहिलेली असणार. ती त्याने उचलली नाही. कुणी बंदी घातली नव्हती. त्याच्या वाडीत ती कुणाला ऐकवायची, हा प्रश्नच त्याला पडला नाही. वामनदादा कर्डकांची अवस्था याहून वेगळी नाही. १९२२ ते २००४ एवढं आयुष्य जगलेल्या या कवीची रचना वस्तीवस्तीत तोंडपाठ आहे. आणि मराठी कवितेवर तावातावाने बोलणाऱ्या अनेकांना त्यातलं एक कडवं सांगता येणार नाही.

शिफारस विश्वासाच्या वाटेने चालते, हे आपण कौतुकाने सांगतो. विश्वासाच्या वाटा गावात कुठून कुठवर आहेत, हे मात्र सांगत नाही. सोयरिकीच्या, भावकीच्या, आळीच्या वाटेने गाणं गेलं की ते तिथवरच जातं.

दुसरी भिंत घरातलीच. जत्रेची सुपारी ठरवणाऱ्या बैठकीत बाई नसे, आणि रात्रीच्या तमाशाला घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली बाई जात नसे. बायकांची गाण्याची देवघेव जात्यावर चाले. माहेरची ओवी सासरी यायची, वाटेत तिच्यात एखादा शब्द बदलायचा, जाऊबाई ती उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा ही देवघेव केवढी अफाट होती ते कागदावर आलं. गावाच्या लेखी मात्र हे ‘बायकांचं’ होतं. देवळातल्या बैठकीत कुणी कधी विचारलं नाही की तुम्हाला काय ऐकायचंय.

रेडिओने या भिंतीला एक खिडकी पाडली. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये पोस्टकार्डावर गाण्याची फर्माईश पाठवता येत असे, आणि निवेदक गाण्याआधी नावं वाचत असे. त्यात ताई-माईंचीही नावं असत. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, त्या काळात आकाशवाणीने हिंदी सिनेगीतांना जवळजवळ दार बंद केलं होतं. तेव्हा लोकांनी कान सिलोनकडे वळवले. विविध भारती १९५७ साली आली. फर्माईशींच्या पत्रांनी झुमरीतलैयासारखं छोटं गाव देशाला माहीत झालं. या सगळ्यात नाव होतं, हौस होती, फक्त ‘का’ नव्हता. निवेदकाला आपलं गाव ठाऊक नव्हतं, आणि आपण निवडलेलं गाणं कुणाला कंटाळवाणं वाटलं तर जाब विचारायला कुणी येणार नव्हतं. सांगणाऱ्याची सुटका झाली, त्याबरोबर त्याची जबाबदारीही हलकी झाली.

मग आलं मेमरी कार्ड. साधारण २००८ ते २०१६ या काळात तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गाणी भरून मिळत. कार्ड काढून द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरला लावायचा आणि विचारायचा, ‘जुनी की नवी? देवाची भरू का? डीजे चालेल?’ चार प्रश्नांत तो माणूस ओळखत असे. त्याच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर म्हणजे त्या गावच्या आवडीची वर्गवारी होती: भक्ती, लग्न, तमाशा, जयंती, लोफर. गायकांची नावं चुकलेली, वादकांची नाहीतच, पण वर्गवारी अचूक. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक परत येई आणि सांगे, ‘ते मागचं काही जमलं नाही.’ म्हणजे हजेरी इथेही होती. २०१६च्या सप्टेंबरात स्वस्त डेटा आला आणि हे दुकान स्क्रीनगार्ड विकू लागलं.

त्याची जागा ज्याने घेतली त्याचा जन्म तोवर जुना झाला होता. १९९४ साली अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ‘रिंगो’ नावाची एक व्यवस्था उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी उभी केली. लोकांनी ईमेलवरून कलावंतांना एक ते सात गुण द्यायचे. ज्यांचे गुण तुमच्या गुणांशी जुळतात त्यांना आणखी काय आवडलं हे यंत्र बघणार आणि ते तुम्हाला सुचवणार. त्यांच्या १९९५ सालच्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच म्हटलं होतं की कानोकानी चालणारी शिफारस आम्ही यंत्राकडून करून घेत आहोत. आजच्या गाण्यांच्या ॲपमागचा हिशेब पुष्कळ गुंतागुंतीचा झाला आहे. गाण्याचा ध्वनीही आता तपासला जातो आणि गुण मागण्याऐवजी तुम्ही गाणं कितव्या सेकंदाला सोडलं ते पाहिलं जातं. पण मूळ कल्पना तीच: तुमच्यासारख्या लोकांना जे आवडलं ते तुम्हालाही आवडेल.

या यंत्राला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून आधी त्याचं देणं मान्य करू. मेढ्यातली एखादी मुलगी आज रात्री कानात इअरफोन घालून यमुनाबाईंची बैठकीची लावणी ऐकू शकते. तिला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी भुवई उंचावत नाही. वरच्या आळीतला मुलगा वामनदादांची गाणी ऐकू शकतो. गाण्याचा गंध नसलेल्या घरातला पोरगा मोगूबाईंपर्यंत पोचू शकतो, त्याला गुरुजींच्या घरचं दार वाजवायचा संकोच बाळगावा लागत नाही. भावकीच्या वाटेने जे शंभर वर्षांत झालं नसतं ते बोटाने होतं. ज्यांना त्या जुन्या बैठकीत कधी बसू दिलं नाही, त्यांनी जुन्या बैठकीसाठी हळहळावं अशी अपेक्षा करणं बरं नव्हे.

तरी दोन गोष्टी उरतात. पहिली, ‘तुमच्यासारखे लोक’ या शब्दांत भिंत पुन्हा शिरते. विठ्ठलाची गाणी ऐकणाऱ्यांनी भीमगीतं ऐकली नसतील, तर यंत्राच्या वहीत ती दोन वेगळी खाती होतात. गावात जी गाणी एकत्र वाजली नाहीत, ती यंत्र एकत्र सुचवेल अशी शक्यता कमी. आणि ज्याला अजून श्रोतेच नाहीत त्याच्याबद्दल या हिशेबाला सांगण्यासारखं फारसं काही नसतं. जावळीतलं एखादं भजनी मंडळ कितीही सुरेल गावो, त्याच्या वतीने कुणीतरी माणसानेच तोंड उघडावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. त्या मुलीने यमुनाबाई ऐकल्या, त्या मुलाने वामनदादा ऐकले, आणि दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. भिंत कानात पडली, गावात जागच्या जागी राहिली. सुचवणाऱ्याचं नाव नाही, तसं ऐकणाऱ्यालाही आता नाव द्यावं लागत नाही. यंत्राची शिफारस गुपचूप येते आणि गुपचूप मावळते. तिच्यावर वाद होत नाही. ‘तूच आणलास ना?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. आवड ही खासगी बाब झाली की ती बदलणं सोपं होतं हे खरं, पण त्या बदलाने शेजाऱ्याचं काहीच बदलत नाही.

यमुनाबाईंचंच बघा. १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्म, बहिणींच्या साथीने ‘यमुना-हिरा-तारा वाईकर’ या नावाची संगीत पार्टी, गावोगाव फिरणं. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, २०१८ साली निधन. शंभरी ओलांडलेल्या या आयुष्याचं घर सातारा जिल्ह्यातच होतं. दिल्लीने त्यांना मानलं हे चांगलंच झालं. पण दिल्लीने मानेपर्यंत, आणि मानल्यावरही, जिल्ह्यातल्या किती घरांत कुणी कुणाला म्हणालं असेल की ‘वाईच्या बाईंचं एकदा ऐक’? कलेची योग्यता ठरवायला पुरस्कार लागतो, कारण शेजाऱ्याने तोंड उघडलेलं नसतं. भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे २०१४ सालचं पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. जिथे आपल्यासारख्यांनी जायचं नाही असा दंडक होता तिथे एक शहरी माणूस जाऊन बसला, त्याने ऐकलं, आणि परत येऊन आपल्या लोकांना स्वतःच्या नावाने सांगितलं. विनायकरावांनी जालंधरात जे केलं त्याच जातीचं हे काम आहे.

शिफारशीवर इतकं बोलून एकही शिफारस न करणं हा पळपुटेपणा होईल. तेव्हा तीन सांगतो, आणि मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर सांगतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी यमुनाबाईंची बैठकीची लावणी ऐकावी, आणि आधी चित्र न बघता नुसतीच ऐकावी. एकच ओळ पुन्हा येते तेव्हा स्वर थोडाच हलतो पण अर्थ कूस बदलतो. ठुमरीत ज्याला आपण भाव सांगणं म्हणतो त्याचं हे सख्खं भावंड आहे.

तमाशाच्या शौकिनांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकाव्यात. त्यांत मराठी नाट्यपदंही आहेत. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात माणसाला जागच्या जागी थांबवायचं, हे आव्हान रंगमंचावर पहिली ओळ टाकणाऱ्या गवळणीपेक्षा निराळं नाही.

आणि काकड्याला, दिंडीला प्रल्हाद शिंदे लावणाऱ्यांनी त्यांचं एक विठ्ठलाचं आणि लगेच पाठोपाठ एक बाबासाहेबांचं गाणं लावावं, कर्ण्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वरच्या पट्टीत गळा उघडतो तिथे नीट कान द्यावा. दोन्हीकडे तो तसाच उघडतो, तितक्याच विश्वासाने. ज्याला फरक ऐकू येईल त्याने तो कुठे आहे ते मोठ्याने सांगावं. वाद झाला तर उत्तमच.

यातलं काही कुणाला रुचणार नाही. चालेल; सांगणाऱ्याचं नाव माहीत आहे, जाब विचारता येईल. पण पुढच्या जत्रेची बैठक बसेल तेव्हा नुसतं फडाचं नाव बदलून भागणार नाही. सुपारी द्यायला जी गाडी निघते तिच्यात पाच-सहा जण मावतात. त्यांत एखादी बाई असेल का, वस्तीतला एखादा जाणकार असेल का, भारुडाचं नाव काढून एकटा पडणारा तो म्हातारा असेल का, हे आधी ठरवावं. त्या गाडीत वाटेत जो वाद होईल तो गावाच्या कानाला बराच पुढे नेईल. फड कोणता आणायचा ते मग त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.